एकच की एक तरी? छपाईयंत्राचं सिलिंडर पुसणाऱ्या कापडाचं पेटंट-अपील

ऑफसेट छपाईयंत्रावर काम केलेल्या माणसाला ब्लँकेट धुणं म्हणजे काय कटकट असते ते सांगावं लागत नाही. प्लेट सिलिंडरवरची शाई आधी रबरी ब्लँकेट गुंडाळलेल्या सिलिंडरवर उतरते आणि तिथून कागदावर. त्यामुळे कागदाचे सुटे तंतू, लेपाची भुकटी आणि वाळलेली शाई हे सगळं ब्लँकेटवर साचत जातं. छपाईत पांढरे ठिपके दिसू लागले की मशीन थांबवायचं, चिंधी सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे शाई विरघळवणाऱ्या द्रवात, बुडवायची आणि इंचिंगचं, म्हणजे मशीन थोडंथोडं फिरवण्याचं, बटण दाबत दाबत सिलिंडर पुसून काढायचं. मी ज्या छापखान्यात उमेदवारी केली तिथे चिंधी रॉकेलची असे. मास्तरांचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं: सिलिंडर आत जातो त्या बाजूला हात न्यायचा नाही. दोन सिलिंडरांच्या फटीत चिंधी ओढली गेली तर तिच्यामागून बोटं जायला क्षण पुरतो.

या पुसण्याच्या कामाशी जोडलेलं एक पेटंटप्रकरण मला फार महत्त्वाचं वाटतं. बाल्डविन ग्राफिक सिस्टम्स विरुद्ध सीबर्ट असं त्याचं नाव. बाल्डविन पेटंटधारक, सीबर्ट प्रतिपक्ष. अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने त्याचा निकाल १५ जानेवारी २००८ रोजी दिला. वरवर पाहता हा वाद कापडाचा रोल आणि त्याभोवतीचं सीलबंद आवरण, म्हणजे स्लीव्ह, यांचा आहे. प्रत्यक्षात अपिलाचा मोठा भाग एका एकाक्षरी इंग्रजी शब्दावर उभा आहे. तो शब्द म्हणजे ‘अ’ (a) हे उपपद, जे आपल्या मराठीत नाहीच.

आधी वस्तू समजून घेऊ, कारण वस्तू कळल्याशिवाय शब्दाचं वजन कळत नाही. हाताने पुसण्याऐवजी मशीनवरच बसवलेली धुण्याची यंत्रणा छपाईत बऱ्याच काळापासून आहे. तिच्या एका प्रकारात एका दांडीवर कोऱ्या कापडाचा रोल असतो आणि दुसऱ्या दांडीवर वापरलेलं कापड गुंडाळलं जातं. मधल्या पट्ट्याला मागून दाब देऊन तो सिलिंडरला टेकवतात आणि सॉल्व्हंट व पाणी फवारून कापड ओलं करतात. या फवाऱ्यासाठी पंप, नळ्या, नोझल आणि नियंत्रणं लागतात. नोझल तुंबलं की कापडाचा तेवढा भाग कोरडा राहतो आणि सिलिंडरवर तेवढाच पट्टा मळका. शिवाय चटकन उडून जाणारं सॉल्व्हंट गरम मशीनजवळ फवारायचं म्हणजे वाफा आणि आगीची भीती आलीच.

बाल्डविनच्या पेटंटामधली कल्पना अशी की फवाराच काढून टाकायचा आणि कापड कारखान्यातूनच भिजवून आणायचं. ऐकायला ही अगदी ओल्या फडक्याची गोष्ट वाटते. पण असा भिजवलेला रोल गोदामात आठवडाभर उभा ठेवून पाहिला तर काय होईल? सॉल्व्हंट खाली उतरेल, खालचं टोक चिंब होईल आणि वरचं सुकं पडेल. सॉल्व्हंट उडून जाणारं असेल तर सगळाच रोल सुकेल. म्हणून या शोधात तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. सहजासहजी उडून न जाणारं सॉल्व्हंट घ्यायचं. कापडाने ते इतकंच धरलेलं असलं पाहिजे की त्याची वाटणी स्थिर राहील. क्लेमच्या, म्हणजे पेटंटातल्या हक्क सांगणाऱ्या वाक्यांच्या, भाषेत ‘कार्यक्षम समतोलापर्यंत’ भिजलेलं. आणि रोलभोवती सीलबंद स्लीव्ह हवी, म्हणजे माल उभा न्या किंवा आडवा ठेवा, वापरण्याच्या दिवसापर्यंत सॉल्व्हंटची वाटणी बिघडत नाही. यात स्लीव्ह म्हणजे नुसतं वेष्टन नव्हे. ती काढली तर शोधाचा एक पायच निखळतो.

प्रकरणात दोन पेटंटं होती. पहिलं पुनर्प्रदत्त पेटंट ३५,९७६ आणि दुसरं ६,०३५,४८३. पुढे मी त्यांना ९७६ आणि ४८३ म्हणेन. पुनर्प्रदत्त म्हणजे काय, हे सांगायला हवं, कारण आपल्याकडे तशी सोय नाही. अमेरिकेत पेटंट मिळाल्यावर लक्षात आलं की क्लेम चुकून फार अरुंद किंवा फार रुंद लिहिले गेले, तर ते पेटंट परत करून दुरुस्त पेटंट मागता येतं. रुंद करायचं असेल तर मूळ पेटंटापासून दोन वर्षांच्या आत. भारतीय पेटंट कायद्याचं कलम ५९ इतकी मोकळीक देत नाही. इथली दुरुस्ती आधीच्या क्लेमच्या हद्दीतच बसावी लागते. म्हणजे इथे पहिल्या मसुद्यात शब्द चुकला तर तो बहुधा जन्मभर सोबत राहतो.

आता क्लेमची भाषा. पेटंटाच्या शेवटी क्रमांक घातलेली जी वाक्यं असतात ते क्लेम. शोधाची मालकी किती जमिनीवर आहे त्याचं कुंपण तिथे घातलेलं असतं. प्रत्येक क्लेम एकाच वाक्यात लिहायची प्रथा आहे, मग ते पानभर लांबलं तरी चालेल. एखादी वस्तू प्रथम आली की तिच्याआधी ‘अ’ किंवा ‘ॲन’ येतं, आणि तीच वस्तू पुन्हा आली की ‘सेड’. हा ‘सेड’ आपल्या खरेदीखतातला ‘सदरहू’च. एकदा ‘मौजे अमुक येथील एक खोली’ म्हटलं की पुढे सगळीकडे ‘सदरहू खोली’. ९७६ च्या मुख्य क्लेममध्ये हीच घडण आहे: आधी एक कापडी रोल, त्यावर एक सीलबंद स्लीव्ह, मग सदरहू रोल अमुक प्रकारे भिजलेला, सदरहू स्लीव्ह सदरहू रोलला वेढणारी, आणि असंच पुढे.

दावा इलिनॉयच्या उत्तर जिल्ह्यातल्या फेडरल न्यायालयात चालला. तिथे क्लेममधल्या ‘अ’चा अर्थ ‘एकच’ असा लावला गेला, म्हणजे एकच भिजवलेला रोल. हा अर्थ कायम राहिला असता तर त्याचे परिणाम काय झाले असते ते पाहा. समजा एखाद्या प्रतिस्पर्ध्याने सगळी युक्ती तशीच उचलली, तेच सॉल्व्हंट, तसंच भिजवणं, तसंच सील करणं, पण एका मोठ्या पिशवीत दोन रोल भरले. तर तो कुंपणाबाहेर सुटला. एक जास्तीचा रोल पिशवीत टाकला की पेटंट निष्प्रभ.

खालच्या न्यायालयाचं वाचन मात्र अगदीच निराधार होतं असं मला वाटत नाही. पेटंट कायदा न शिकलेल्या माणसाला हे वाक्य वाचून दाखवलं तर त्याच्या डोळ्यासमोर एक रोल आणि त्याच्यावर चढवलेली एक पिशवी येईल. ‘सेड फॅब्रिक रोल’ पुन्हा पुन्हा एकवचनात येतं, आणि सदरहू म्हणजे मागे सांगितलेला तोच, असं आपलं मन सहज धरतं.

पेटंट-अपिलांचं गणित थोडं वेगळं असतं. फेडरल सर्किट हे १९८२ मध्ये स्थापन झालेलं न्यायालय. देशभरातली पेटंट-अपिलं वॉशिंग्टनच्या या एकाच न्यायालयात येतात. क्लेमचा अर्थ ज्युरी लावत नाही, न्यायाधीश लावतो, हे अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मार्कमन प्रकरणात ठरवलं होतं. आणि २००८ मध्ये अपील न्यायालय तो अर्थ कोऱ्या पाटीवरून पुन्हा लावू शकत होतं, खालच्या न्यायाधीशाच्या मताला झुकतं माप न देता. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या टेवा निकालानंतर यात थोडा फरक पडला. आता साक्षीपुराव्यावर आधारलेल्या वस्तुस्थितीच्या निष्कर्षांना तितक्या सहज हात लावता येत नाही.

निकालपत्र न्यायमूर्ती रेडर यांचं आहे. तेच पुढे २०१० मध्ये या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. त्यांचा निष्कर्ष असा की क्लेममध्ये ‘अ’ किंवा ‘ॲन’ म्हणजे ‘एक किंवा अधिक’. याला केवळ गृहीतक किंवा रूढी म्हणू नका, हा नियम आहे. अपवाद अत्यंत मोजके, आणि तेही पेटंटधारकाने एकापुरतंच मर्यादित राहण्याचा स्पष्ट इरादा दाखवला असेल तेव्हाच. आणि ‘सेड’चं काय? मागच्या शब्दाकडे बोट दाखवताना ‘सेड’ त्याचा अर्थ बदलत नाही, तोच अर्थ पुन्हा जागा करतो. आधी ‘एक किंवा अधिक रोल’ असेल, तर सदरहू रोल म्हणजेही ‘तो एक किंवा ते अधिक’. रोल एकवचनात आहे म्हणून संख्या एकावर आली असं होत नाही.

हे वाचताना मला जाणवलं की या मुद्द्याचा उलगडा मराठीत इंग्रजीपेक्षा स्वच्छ होतो. आपल्याकडे दोन छोटे शब्द आहेत: ‘च’ आणि ‘तरी’. खालच्या न्यायालयाने ‘अ रोल’ वाचलं ‘एकच रोल’. अपील न्यायालयाने वाचलं ‘एक तरी रोल’. एक तरी असला की क्लेमची अट पुरी झाली, मग दुसरा, तिसरा असला तरी ती मोडत नाही. इंग्रजी उपपदाला ना ‘च’ जोडता येतो ना ‘तरी’, म्हणून हा प्रश्न न्यायालयांना वर्षानुवर्षं छळत राहिला.

छळत राहिला म्हणजे किती, ते आधीच्या निकालांवरून दिसतं. १९९६ मध्ये इन्सिट्युफॉर्म प्रकरणात जमिनीखालच्या पाइपाच्या दुरुस्तीचा वाद होता. पाइपाच्या आत रेझिनने भिजवायच्या अस्तराला हवा खेचणारा ‘अ व्हॅक्यूम कप’ लावायचा. तिथे न्यायालयाने क्लेम, वर्णन आणि पेटंट कार्यालयातला पत्रव्यवहार पाहून ‘एकच कप’ असा अर्थ धरला. २००० च्या केसीजे प्रकरणात रुग्णांच्या हवेच्या गादीचा वाद होता. तिथे ‘एक किंवा अधिक’ हा सर्वसाधारण अर्थ न्यायालयाने मान्य केला, पण गादीचा खालचा कप्पा ‘अखंड’ असल्याचं क्लेमच सांगत होता, म्हणून त्या कप्प्यापुरता निर्णय ‘एकच’ असा झाला. कपाच्या पद्धतीत एका कपाने काम होणं हाच पेटंटाचा रोख होता. गादीत अखंडपणा हा रोख होता. दोन्हीकडे ‘च’ला जागा शोधाने स्वतः दिलेली होती.

तोच निकष भिजवलेल्या रोलला लावून पाहा. सॉल्व्हंटचा समतोल प्रत्येक रोलच्या आत असतो. शेजारी दुसरा रोल आला म्हणून पहिल्यातलं सॉल्व्हंट खाली उतरायला लागत नाही. स्लीव्ह बाहेरच्या हवेपासून जे राखते ते दोघांसाठी सारखंच राखते. रोल एकच असावा ही या शोधाची गरज नाही. ती फक्त वाक्याच्या घडणीतून डोळ्यांना झालेली भासमान गरज आहे. म्हणून ९७६ बाबत अपील न्यायालय बरोबर होतं असं माझं ठाम मत आहे. नुसत्या व्याकरणाच्या नियमामुळे नाही, तर वस्तू तसं सांगते म्हणून. निकालपत्राने नियमावर जितका जोर दिला तितका वस्तूवर दिला असता तर मला अधिक समाधान वाटलं असतं.

९७६ चा तो अर्थ रद्द झाला आणि प्रकरण पुढच्या निर्णयासाठी खाली परत गेलं. पण बाल्डविनला दोन्ही हातांनी यश मिळालं नाही, आणि ४८३ चा भाग मला कमी बोधक वाटत नाही, जरी चर्चेत तो क्वचितच येतो.

४८३ मध्ये कापडातली हवा हा मुद्दा आहे. साध्या कापडाच्या तंतूंमध्ये बरीच हवा असते. ती काढली की कापड पातळ होतं, तेवढ्याच जाडीच्या रोलमध्ये जास्त लांबीचं कापड बसतं आणि रोल बदलायला मशीन कमी वेळा थांबवावं लागतं. मशीनवर रोलसाठी जागा किती तुटपुंजी असते हे ज्याने पाहिलंय त्याला याचं मोल कळेल. क्लेममध्ये शब्द आहेत ‘रिड्यूस्ड एअर कंटेंट क्लीनिंग फॅब्रिक’. खालच्या न्यायालयाने अर्थ लावला की ही हवा कापड रोलवर चढण्यापूर्वी कमी केलेली असली पाहिजे. बाल्डविनला हा काळक्रम नको होता. हवा केव्हा का निघेना, कापड कमी हवेचं असलं की पुरे, असा त्यांचा रोख. अपील न्यायालयाने इथे खालच्या न्यायालयाचाच अर्थ कायम ठेवला.

इथेही मराठीत वाक्य करून बघावं. ‘हवा कमी केलेलं कापड गाभ्यावर गुंडाळलं.’ ‘केलेलं’ म्हटल्याबरोबर क्रम ठरला: आधी हवा गेली, मग कापड गुंडाळलं. ‘गुंडाळल्यामुळे हवा कमी झालेलं कापड’ हे वेगळं वाक्य आहे आणि ते वेगळ्या पद्धतीचं वर्णन करतं. एकाच अपिलात, शेजारशेजारच्या दोन पेटंटांमध्ये, एका ठिकाणी शब्दाने मालकाला मोकळीक दिली आणि दुसऱ्या ठिकाणी शब्दानेच त्याला बांधून ठेवलं. संख्या शोधाचा भाग नव्हती, म्हणून ती सैल राहिली. क्रम शब्दातच विणलेला होता, म्हणून तो घट्ट राहिला.

पुढच्या वर्षांत बाल्डविनचा नियम सगळीकडे उद्धृत झाला, पण त्याची धार थोडी बोथटही झाली. २०११ मध्ये हरारी विरुद्ध ली या फ्लॅश मेमरीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं की बाल्डविनने संदर्भ न बघता चालवायचा पोलादी नियम घातलेला नाही. तिथे ‘अ बिट लाइन’चा, म्हणजे मेमरीच्या पेशींना जोडणाऱ्या रेषेचा, अर्थ संदर्भावरून एकच रेषा असा निघाला. २०१६ च्या वर्मा प्रकरणात न्यायालयाने दिलेलं कुत्र्याचं उदाहरण तर विसरता येत नाही. लोळणारा आणि काठी आणणारा एक कुत्रा माझ्याकडे आहे असं म्हणायचं असेल, तर एक फक्त लोळणारा आणि दुसरा फक्त काठी आणणारा असे दोन कुत्रे असून भागत नाही. ‘एक किंवा अधिक’ असलं तरी सांगितलेले सगळे गुण त्यातल्या एका कुत्र्यात तरी एकत्र हवेत. २०२३ मध्ये सालाझार विरुद्ध एटी अँड टी या प्रकरणात हाच विचार ‘अ मायक्रोप्रोसेसर’ला लागू झाला: प्रोसेसर कितीही असोत, सदरहू प्रोसेसर म्हणून जी जी कामं नोंदवली आहेत ती सगळी करू शकणारा किमान एक हवा. त्याच वर्षी एबीएस ग्लोबल प्रकरणात न्यायालयाने पुन्हा बाल्डविनचीच वाट धरली आणि कणांच्या ‘अ’ प्रवाहात अनेक प्रवाह येऊ शकतात असं ठरवलं.

सालाझारचा निकष रोलला लावला की बाल्डविनचा अर्थ आणखी नेमका होतो. पिशवीत दोन रोल असले तरी चालतील, पण त्यातला एक तरी रोल पूर्णपणे क्लेममध्ये सांगितल्यासारखा हवा. एका रोलमध्ये योग्य सॉल्व्हंट आणि दुसऱ्यात समतोल, अशी बेरीज करून उल्लंघन सिद्ध होणार नाही.

आपल्याकडे याचा संबंध कुठे येतो? भारतीय पेटंट कार्यालयात अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत करता येतो. व्यवहारात बहुतेक मसुदे इंग्रजीत होतात. भोसरी किंवा चाकणमधला कारखानदार आपली युक्ती मराठीत सांगतो: ‘रोल भिजवायचा, पिशवीत घालायचा, सील करायचं.’ या वाक्यात संख्या नाहीच. रोल एक की चार, तो बोलला नाही आणि त्याला कुणी विचारलंही नाही. मसुदा इंग्रजीत होताना प्रत्येक नामाच्या आधी एक ‘अ’ येऊन बसतो. जो निर्णय शोधकाने घेतलाच नाही तो भाषेने त्याच्या वतीने घेतला. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचं कलम १३ म्हणतं की कायद्यातल्या एकवचनात अनेकवचन येतं. पण ते विधिमंडळाने केलेल्या कायद्यांच्या भाषेसाठी आहे, खाजगी माणसाने लिहिलेल्या क्लेमसाठी नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या विश्वनाथ प्रसाद प्रकरणात, भांड्यांच्या पेटंटाच्या वादात, एक शहाणी रीत मात्र सांगून ठेवली आहे: क्लेम आधी वाचू नका, आधी शोधाचं वर्णन वाचा, म्हणजे काय मागितलंय ते समजायला मन तयार होतं. बाल्डविनमध्ये आधी वर्णन वाचणाऱ्याला ‘च’ कुठे बसतो आणि ‘तरी’ कुठे, हे क्लेमपर्यंत पोचण्याआधीच कळलं असतं.

आता मसुदा तपासायला आला की मी समासात पेन्सिलने प्रत्येक ‘अ’शेजारी ‘च’ किंवा ‘तरी’ लिहितो आणि शोधकाला फोन करून एकेक विचारतो. प्रत्येक ‘केलेलं’खाली रेघ मारून विचारतो: हे आधी केलं की नंतर, आणि नंतर केलं तर चालेल का? सरावासाठी मी ९७६ च्या क्लेमवरही हे करून पाहिलं. रोलशेजारी ‘तरी’ लगेच लिहिलं गेलं. स्लीव्हपाशी पेन्सिल थांबली. नियमाप्रमाणे तीही ‘एक किंवा अधिक’च. पण एका रोलवर दोन स्लीव्ह चढवल्या आणि त्यातली आतली सैल, न सील केलेली असली, तर सदरहू स्लीव्ह म्हणजे कोणती? तिथे मी अजून काही लिहिलेलं नाही.